‘भिऊ नका’ असं मी छापलं होतं

आमच्या घरी दारामागच्या खिळ्याला एक पिशवी अडकवलेली असते. विंचरताना कंगव्यात येणारे केस बोटाभोवती गुंडाळायचे, त्यांची गोळी करायची आणि त्या पिशवीत टाकायची. गुंतवळ रस्त्यावर फेकायचं नाही आणि चुलीतही घालायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी केसांवर भांडी देणारी बाई येते. ती पिशवी हातावर तोलते आणि बदल्यात चहाची गाळणी, पळी, फारच झालं तर एखादं पातेलं देते. बीदर जिल्ह्यातल्या आमच्या भालकी तालुक्यात बहुतेक घरांत अशी पिशवी असते. कुणी तिच्याकडं बघतही नाही. मीही बघत नव्हते.

मग ती पिशवी तीन आठवड्यांत भरली.

घरात लांब केसांच्या आम्ही दोघीच, आई आणि मी. आईचे केस कानाच्या वर सगळे पांढरे झालेत. पिशवीतल्या गोळ्या काळ्याभोर होत्या. आईनं पिशवी दाबून बघितली, माझ्याकडं बघितलं आणि ती परत खिळ्याला लावली. 

आता मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही सात-आठ पोरंपोरी गावोगाव पत्रकं वाटतो. बुद्धविहाराच्या ओसरीवर बसून लिहितो, भालकीत छापून घेतो, मराठी एका बाजूला, कन्नड दुसऱ्या बाजूला. पाण्याच्या टाकीवर लिहिलं, रेशनवर लिहिलं, अंगात येणाऱ्या बायांवर लिहिलं. लिहिण्याचं काम बहुतेक माझ्याकडंच. पत्रकाची भाषा वेगळी असते. तिच्यात ‘कदाचित’ चालत नाही. ‘कदाचित’ वाचायला बाजारात कुणी थांबत नाही. वाक्य छोटं पाहिजे, ठाम पाहिजे, आणि वाचणाऱ्याच्या छातीवर बोट ठेवल्यासारखं पाहिजे. मला ते जमतं. त्याचा मला अभिमान होता.

कातडीच्या रोगांचं पत्रकही मीच लिहिलं. पिवळ्या कागदावर चार चौकटी. कोड, गजकर्ण, इसब, चाई. प्रत्येकाला स्वतंत्र चौकट, म्हणजे गोंधळ नको. कोड आलं की पोरीला मागच्या खोलीत ठेवतात, डोक्यावर चट्ट्याचट्ट्यानं केस जाऊन चाई पडली की न्हावी वस्तऱ्यानं डोकं खरवडून वर बिब्बा घासतो आणि पोराच्या डोक्यावर जन्माचा डाग पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. राग होता. तो राग चौथ्या चौकटीत उतरला. ते शब्द मला पाठ आहेत:

‘चाई हा देवीचा कोप नव्हे. चाई हा काही दिवसांचा पाहुणा आहे. बिब्बा लावू नका. बुवाकडे जाऊ नका. काहीही करू नका. केस आपोआप परत येतात. भिऊ नका.’

बिब्ब्याबद्दल मी बरोबर होते. ते आजही छातीठोकपणे सांगेन. बाकीच्याबद्दल आता सांगते.

पत्रक लिहायच्या आधीपासूनच माझ्या दोन्ही मनगटांवर जांभळट, चपटे, चकचकीत पुरळ होते. खाजायचे. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, त्यानं पुरळ काळे पडले, नवे यायचे थांबले नाहीत. मग तोंडात, गालाच्या आतून, पांढऱ्या रेषांची जाळी आली. हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला की डोळ्यांत पाणी. दवाखान्यात तोंड दाखवायला गेले तर पहिला प्रश्न, “गुटखा खातीस का?” मी चिडून परत आले. तोंडातल्या प्रत्येक दुखण्याला आमच्याकडं एकच प्रश्न आहे. मग अंगठ्याच्या नखांवर उभ्या रेघा उमटल्या. मी म्हटलं, भांडी घासून झालं असेल. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. चौकटी मीच आखल्या होत्या ना.

डोक्यावरचा चट्टा आईनं बघितला, तेल लावताना. माथ्याच्या थोडा मागं, रुपयाएवढा.

“चाई पडलीय गं,” ती म्हणाली. “न्हाव्याकडं जाऊ का? तुझ्या मावशीचं आलंव की परत.”

“बिब्ब्यानं कातडं जळतं, आई. मी लिहिलंय त्यात.”

“मग दवाखान्यात चल.”

“कशाला? चाई हाय. आपोआप येतेत.”

“आपोआप काय येतंय गं ह्या घरात? भाकर तरी येती का आपोआप?”

मी हसले. तिला ते पिवळं पत्रक वाचून दाखवलं, चौथी चौकट, मोठ्यानं. आईला वाचता येतं, तरी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “लई शानी झालीस.” आणि तेलाची बाटली आत ठेवायला निघून गेली.

काहीही करू नका, असं लिहिलं होतं. मी काही केलं नाही.

पाच महिने. भांग उजवीकडून डावीकडं गेला, मग भांग काढणंच बंद झालं, सगळे केस मागं ओढून चिमटा लावायचा. मग ओढणी. सभेत ओढणी, बसमध्ये ओढणी, उन्हाचं निमित्त आमच्याकडं वर्षभर मिळतं. चट्ट्याशेजारी दुसरा चट्टा आला. मधली कातडी गुळगुळीत होत चालली होती आणि कडेला आग व्हायची, मिरची चोळल्यासारखी. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी हात डोक्याकडं जायचा. आज किती? बोट त्या गुळगुळीत जागेवर घसरलं की मी तिची कड चाचपत राहायचे. मी गावात उभी राहून सांगायचे, भिऊ नका. घरी आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवलेला.

आणि मग केसवाली आली.

ती तीन भाषांत ओरडत येते. “केसऽ! कूदलूऽ! बालाँऽ!” पन्नाशीची, काटक, डोक्यावर भांड्यांची टोपली. आमच्या उंबऱ्यावर बसली, पाणी प्याली, आईनं पिशवी आणून दिली. एरवी ती पिशवी नुसती तोलते. त्या दिवशी तोलली, थांबली, आणि पदर पसरून त्यावर सगळ्या गोळ्या ओतल्या.

“अक्का, ह्या घरात कुनाचं बाळंतपण झालंव का?”

“बाळंतपण?” आई म्हणाली. “लगीनच करंना झालीय ही. पत्रकं वाटत फिरायलीय.”

“मग टायफाईड? लई ताप?”

“न्हाई.”

“मग एवढे केस कामून?”

तिनं एक गोळी सोडवली, एक केस काढला आणि उजेडाकडं धरला. मला जवळ बोलावलं. “हिकडं ये बेटी. बग. आपसूक गळलेल्या केसाचं बूड कोरडं असतंय, मोहरीच्या टोकावाणी. ह्याचं बग.”

मी बघितलं. केसाच्या बुडाशी पांढरं, बारीक, ओलसर आवरण होतं, कांद्याच्या पातीच्या बुडासारखं. तिनं दुसरा काढला. तसाच. तिसरा, तसाच.

“ह्यो गळल्याला केस न्हाई,” ती म्हणाली. “ह्यो जित्ता केस हाय. जित्त्यापनी उपटून आल्याला.”

“कोन उपटतंय?” आईनं विचारलं.

“आतूनच कायतरी.”

“चाई हाय,” मी म्हणाले. माझा आवाज सभेत असतो तसा ठाम आला. सवय.

“चाईचे केस मी चिक्कार बगितलेत,” ती माझ्याकडं न बघताच म्हणाली. “चाईचा केस बुडाशी बारीक होऊन तुटतो. असं कातडं घेऊन येत न्हाई. असे केस ह्या साली दोनच घरांत बगितले. एक हितं. अन् एक तिकडं निर्ण्याला, मारुतीच्या मागं, निळ्या दाराचं घर. कालेजची पोरगी. तिच्या पन हातावर असेच काळे डाग.” तिनं माझ्या मनगटाकडं बोट केलं. मी बाही खाली ओढली.

मग तिनं जे केलं ते मी आयुष्यात बघितलं नव्हतं. पदरावरच्या गोळ्या एक-एक करून परत पिशवीत भरल्या आणि पिशवी आईच्या हातात दिली.

“ही ऱ्हाऊ द्या. आधी पोरीला दवाखान्यात दाखवा. मग घेती.”

केस घेणाऱ्या बाईनं केस नाकारले. आई उंबऱ्यात पिशवी घेऊन तशीच उभी. केसवाली गल्लीच्या टोकाला गेली, तरी तिची हाक ऐकू येत राहिली. बुवानं सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते. ही बाई काही विकायला बसली नव्हती. तिनं फक्त जवळ जाऊन बघितलं होतं. मी ते केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी बीदरला गेलो. कातडीच्या डॉक्टर मॅडमकडं. आईनं पिशवी बरोबर घेतली. मी म्हटलं, कशाला, लोक हसतील. ती म्हणाली, “हसू दे.”

मॅडमनं माझं डोकं बघितलं आणि म्हणाल्या, “हात दाखवा.”

“मॅडम, मी डोक्यासाठी आलेय.”

“मी पण डोक्यासाठीच बघायलेय. बाही वर करा.” मग, “तोंड उघडा. जीभ वर. गाल.” मग, “नखं.” मग पाय, पाठ. मनगटावरचे पुरळ त्यांनी भिंग लावून बघितले, गालातली जाळी बॅटरी धरून बघितली. वर्षभरात इतक्या लोकांनी माझा एक-एक तुकडा बघितला होता. पूर्ण माणूस म्हणून कुणी बघितलं नव्हतं. मी धरून.

“हे चार आजार नाहीत,” त्या म्हणाल्या. “एकच आहे. लायकेन प्लॅनस. कातडीवर येतो, तोंडात येतो, नखांत येतो. आणि काही जणांत केसांच्या मुळांवर उतरतो. तुमच्यात उतरलाय असं दिसतंय.”

आईनं पिशवी पुढं केली. मॅडम हसल्या नाहीत. दोन केस काढून बघितले. “हे आणायला कुणी सांगितलं?”

“केसावर भांडी देती ना, ती बाई. आणायला न्हाई सांगितलं. दाखवा म्हणली.”

“हुशार आहे ती.”

मग त्यांनी माझ्या डोक्यावर एक छोटं यंत्र टेकवलं आणि समोरच्या पडद्यावर चित्र आलं. आधी चांगली जागा. बीदरच्या लाल दगडाला असतात तशी बारीक-बारीक भोकं, प्रत्येकातून केस निघालेला. मग कडेची जागा. प्रत्येक केसाभोवती लाल आणि पांढऱ्या खपलीचं कडं. मग यंत्र मधोमध सरकलं.

पडद्यावर काहीच नव्हतं. सिमेंटची घोटलेली फरशी.

“भोकं कुठं आहेत?” मी विचारलं.

“नाहीत. मूळ जळून तिथं व्रण झालाय. चाईत केस जातात पण भोकं शाबूत असतात, म्हणून केस परत येऊ शकतात. इथं दार बंद झालं.”

“परत उघडणार नाही?”

“मधलं नाही. कडेचं वाचवायचा प्रयत्न करता येतो. बऱ्याच जणांत थांबतं. सगळ्यांत थांबेल असं मी लिहून देणार नाही.” मग त्यांनी कागद पुढं ओढला. “खाज, आग होते का?”

“होते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“चाईत अशी आग सहसा होत नाही. आग झाली तेव्हाच यायला पाहिजे होतं.”

त्या वाक्यावर मला निर्णा आठवलं.

आम्ही निर्ण्यात पत्रकं वाटली होती, मारुतीच्या देवळासमोर. शेवटची गाडी पकडायची घाई होती. एक पोरगी, पाठीला कॉलेजची बॅग, पत्रक हातात घेऊन माझ्यामागं चालत आली होती. तिनं विचारलं होतं, “अक्का, चाईत आग होती का?” मी न थांबता म्हटलं होतं, “होते थोडी. घाबरलं की जास्तच वाटतं. जाईल.” जाईल, असं मी म्हणाले होते. तेव्हा माझं स्वतःचं डोकं जळत होतं. मी तिला उत्तर दिलं नव्हतं, मी स्वतःला समजावत होते. ती ‘बरं’ म्हणाली आणि एका निळ्या दाराच्या घरात गेली. ते निळं दार मला आता, त्या खुर्चीत, स्पष्ट दिसलं.

मॅडमनं डोक्याच्या कातडीचा डाळीएवढा तुकडा तपासायला काढला, दोन टाके घातले. सुई टोचली तेव्हा मी रडले. आईला वाटलं दुखतंय.

आता लाज वाटावी असं लिहिते. मी दुसऱ्या दिवशी निर्ण्याला गेले नाही. तिसऱ्याही नाही. अकरा दिवस गेले नाही. टाके ओले आहेत. रिपोर्ट यायचाय. रिपोर्ट आला, मॅडम म्हणाल्या तेच निघालं, गोळ्या आणि मलम सुरू झालं, चट्ट्याच्या कडेनं सुया टोचून झाल्या. तरी नाही. खरं कारण एकच. मी तिच्या डोक्याकडं बघायला भीत होते. गेले नाही तोवर तिची भोकं उघडी असू शकत होती. गेल्यावर कळणार होतं. दर दिवशी एखादं दार बंद होत असणार हे मला माहीत होतं, मॅडमनं पडद्यावर दाखवलं होतं, आणि तरी मी घरात बसून होते.

विहाराच्या ओसरीवर मी सांगितलं, पत्रक मागं घ्यायचं. आमच्यातला एकजण म्हणाला, “मागं घेतलं तर बुवालोक हसतील. म्हणतील, बगा, ह्यांचंच टक्कल पडलं.”

“हसू दे,” मी म्हणाले. आईचेच शब्द.

“अगं, थोडं दमानं. पुढच्या छपाईत दुरुस्त करू.”

“अन् तोवर वाचणाऱ्यांनी काय करायचं? काहीही करायचं न्हाई?”

 पत्रकातलं ‘काहीही करू नका’ त्या सगळ्यांनीच छापायच्या आधी वाचून छान म्हटलं होतं.

बाराव्या दिवशी गेले. भालकीहून हुमनाबाद, तिथून निर्णा. हुमनाबादच्या स्टँडवर शेंगदाणे घेतले. पुडी पिवळ्या कागदाची. उलगडली नाही. शेंगदाणे तसेच बाकावर ठेवून गाडीत बसले.

निळं दार उघडं होतं. अंगणात पोरीची आई पोत्यावर आलं पसरून माती झाडत बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. तिनं आत हाक मारली, “अगं ये! पत्रकवाल्या अक्का आल्यात!” मला बसायला चटई टाकली, चहा ठेवला. त्या घरात मी मोठी माणूस होते. त्याचंच मला भ्या वाटलं.

पोरगी आली. डोक्याला रुमाल. आत कपाटाच्या दारावर, आरशाच्या बाजूला, माझं पत्रक चिकटवलेलं दिसत होतं.

“बगा की हिच्याकडं,” तिची आई चहा गाळत म्हणाली. “मी मनलं न्हाव्याकडं चल. येईना. मनलं बीदरला दवाखान्यात चल. येईना. तुमचा कागद दाखवती. अक्कानं लिव्हलंय, काई करू नका, भिऊ नका. आता तुमीच सांगा हिला.”

“अक्का, आग कमी होईना झालीय,” पोरगी हळूच म्हणाली. “तुमी मनलात जाईल.”

मी ओढणी काढली. चिमटा काढला. केस बाजूला केले आणि मान खाली घालून तिच्यापुढं बसले. दुसरं काही सुचलं नाही. भाषण सुचलं नाही.

तिची बोटं माझ्या डोक्यावर आली. मधल्या जागेवर थांबली.

“गुळगुळीत लागायलंय,” ती म्हणाली.

“तुझं?”

“तसंच.” मग तिनं विचारलं, “तुमचं परत आलं का?”

“न्हाई. मधलं येणार न्हाई.”

“मग माझं?”

“मला माहीत न्हाई. माझी चाई नव्हती. तुझी पण नसंल. हातावरचं अन् डोक्यावरचं एकच असतं, हे मला माहीत नव्हतं.”

तिनं हात काढून घेतला. “माहीत नव्हतं तर लिव्हलंव कामून?”

तिची आई म्हणाली, “अगं, अशी काय बोलायलीस अक्काला?” पण तिनंही गाळणी खाली ठेवली होती.

“बोलू द्या तिला,” मी म्हणाले.

“मी रोज वाचत होते,” पोरगी म्हणाली. ती ओरडत नव्हती, ओरडली असती तर बरं झालं असतं. “आग झाली की वाचत होते. आई रडली की तिला वाचून दाखवत होते.”

मीही माझ्या आईला वाचून दाखवलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. ते सांगून तिच्याकडून माफी काढून घेतल्यासारखं झालं असतं.

मी एवढंच म्हणाले, “आता चल. मी येते संगट.”

“कवा?”

“आत्ता.”

आलं तसंच पोत्यावर राहिलं. तिघी निघालो. बसमध्ये पोरगी खिडकीशी बसली, एका हातानं रुमालाची गाठ धरून. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, “हे तुमच्याकडनं मला लागलं का? त्या दिवशी?”

“न्हाई. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत न्हाई.” मी म्हणाले आणि थांबले. “मॅडमला विचार तू. माझ्यावर इस्वास ठेवू नको.”

तिनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, लागत नाही. तेवढं एक मी बरोबर सांगितलं होतं.

मग मॅडमनं तिचे हात बघितले, तोंड बघितलं, नखं बघितली. यंत्र टेकवलं. मी तिच्या मागं उभी होते. पडद्यावर आधी लाल दगड आला, भोकांभोकांचा. मग लाल कडी. मग यंत्र मधे सरकलं आणि मी भोकं शोधायला लागले. तिची आई माझ्या दंडाला धरून उभी होती, तिला त्या चित्रातलं काही कळत नव्हतं, ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न केला. एक भोक दिसलं. मग बरीच जागा रिकामी. मग दोन, जवळजवळ. मग परत घोटलेली फरशी.

“मधलं बरंचसं गेलंय,” मॅडम पोरीलाच म्हणाल्या, आम्हाला नाही. “सगळं नाही. कडेला आजार जोरात आहे. आज सुरू करू. दोन-तीन महिन्यांत कळेल थांबतंय का.”

“अन् आधी आले असते तर?” पोरीनं विचारलं.

मॅडमनं माझ्याकडं बघितलं नाही. त्यांना काही माहीतच नव्हतं. “आधी आला असता तर जास्त वाचलं असतं,” त्या म्हणाल्या आणि तपासणीचा कागद भरायला लागल्या.

नवं पत्रक मी लिहिलं. पांढऱ्या कागदावर, चौकटी न आखता. लिहायला चार दिवस लागले. त्यात ‘कदाचित’ दोनदा आलंय. छापणारा म्हणाला, ताई, हे पत्रकासारखं वाटंना झालंय. मी म्हटलं, छाप. त्यात लिहिलंय की केस गेलेल्या जागी आग किंवा खाज असेल, कातडी गुळगुळीत होत असेल, तर एक दिवसही थांबू नका. हातावर, तोंडात, नखांत काही असेल तर तेही त्याच डॉक्टरला त्याच दिवशी दाखवा. बिब्बा लावू नका, हे तसंच ठेवलं. ‘भिऊ नका’ काढून टाकलं. भ्यायला पाहिजे होतं. मी वेळेवर भ्याले असते तर आम्ही दोघी वेळेवर गेलो असतो.

जुनी पत्रकं गोळा करत फिरते. ज्या गावांत वाटली त्या सगळ्या गावांत, घरोघर. किराणा दुकानात पुड्यांसाठी ठेवलेली मागून आणते. काही जण देतात, काही जण विचारतात, “कामून? चांगलं तर लिव्हलंव.” प्रत्येक वेळी ओढणी काढावी लागते. अजून सवय झाली नाही. पिवळा कागद कुठंही दिसला की उचलून बघते, मग ते लग्नाचं कार्ड का असेना.

परवा केसवाली आली. आईनं पिशवी दिली. या वेळी पिशवी अर्धीच होती. तिनं पदर पसरला, गोळ्या ओतल्या, एक सोडवली. मी दाराच्या आत उभी राहिले. बाहेर यायचं धाडस होईना.

“कोरडं हाय,” ती म्हणाली. दुसरी गोळी सोडवली. “हे पन कोरडं.” तिसऱ्या गोळीत तिला दोन केस मिळाले, ते तिनं बराच वेळ उजेडात धरले. “हे दोन मातर तसलेच. पन दोनच.”

आई म्हणाली, “दोनच?”

“दोनच अक्का. आज घेती पिशवी.” टोपलीतून तिनं गाळणी काढून दिली.

मी बाहेर आले. “निर्ण्याला गेलतीस का? निळ्या दाराच्या घरी?”

“न्हाई अजून. सोमवारी जाती तिकडं.”

“तिचे नीट बग. सगळ्या गोळ्या सोडवून बग.”

“मी काय डाक्टर हाय का गं?” ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेतली. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, “बगती. सांगती येऊन.”

पोरीचा मला फोन येत नाही. मी केला की तिची आई उचलते, गोळ्या चालू आहेत एवढं सांगते आणि ठेवते. आज गुरुवार. आईनं रिकामी पिशवी परत खिळ्याला लावली आहे. सकाळी विंचरल्यावर मी गोळी करायच्या आधी एक-एक केस दारातल्या उजेडात धरून बघितला. माझे कोरडे होते. तिचे कसे असतील ते सोमवारी कळेल.